आज्जीच्या जात्यासाठी कॅमेरा घेताना

आमच्या आज्जीला ८२ सरलं. जांबोटीच्या पुढं, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, तिच्या घरात जातं अजून फिरतं. रोज नव्हे, पण सणासुदीला किंवा गिरणीतलं नाचण्याचं पीठ तिच्या मनाला आलं नाही की ती सोप्यात पाय पसरून बसते. मूठभर नाचणा जात्याच्या तोंडात गेला की ओवी सुरू. तिला वेगळं सांगावं लागत नाही. ओव्या मी मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवल्या आहेत आणि त्या चांगल्या आल्यात. फोटो मात्र काही केल्या येत नव्हते.

कारण कळायला वेळ लागला. मोबाईल अंधारात एका दमात बरेच फोटो घेतो आणि ते एकमेकांवर बसवून एक करतो. भिंत, जातं, चेहरा असं स्थिर असेल ते स्वच्छ येतं. फिरणारा हात मात्र प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असतो, तो जुळत नाही. मनगट एकीकडं, बांगड्या दुसरीकडं, मध्ये धुरकट काहीतरी. आणि मला नेमका तो हातच हवा होता.

मे महिन्यात भिशी लागणार होती. ते पैसे कॅमेऱ्यात घालायचे असं घरात बोलून ठेवलं. समोर दोन वाटा होत्या. मावसभावाकडं खिशात मावणारा अल्ट्राकॉम्पॅक्ट होता, तसलाच एक आपण घ्यावा असं आधी मनात होतं. लहान कॅमेरा बघून आज्जी बुजणार नाही, हा माझा हिशेब. दुसरी वाट एन्ट्री लेव्हल मिररलेसची, म्हणजे आत आरसा नसलेल्या आणि लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याची. लग्नाचे फोटो काढणारा एक मित्र आहे शहापुरात, त्याच्याकडं कॅननचा ईओएस आर ५० होता. दोघांकडून दोन-दोन आठवड्यांसाठी मागून घेतले.

मी उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये काम करतो. मापाशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही, म्हणून पहिल्यांदा ग्राफपेपर काढला. अशा लहान कॅमेऱ्यांत उजेड टिपणारा सेन्सर बहुतेक करून १/२.३ इंची असतो. हे नाव फसवं आहे. ते जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या मापावरून चालत आलंय, प्रत्यक्षात सेन्सरची कुठलीच बाजू तेवढी नसते. खरं माप साधारण ६.१७ गुणिले ४.५५ मिलिमीटर. एक तुरीचा दाणा ठेवला की चौकोन जवळजवळ झाकला जातो. आर ५० चा सेन्सर एपीएस-सी नावाच्या मापाचा, २२.३ गुणिले १४.९ मिलिमीटर, म्हणजे पोस्टाच्या साध्या तिकिटाहून थोडा लहान. क्षेत्रफळ काढलं तर एक २८ चौरस मिलिमीटर, दुसरा ३३२. जवळपास बारापट. मेगापिक्सेल बघितले तर २० आणि २४, म्हणजे खोक्यावरच्या आकड्यांत दोघं शेजारी-शेजारी उभे. हा फरक खोक्यावर मोठ्या अक्षरात कुणी छापत नाही आणि मला वाटतं तोच आधी सांगायला हवा.

मग सोप्यात गेलो. आज्जीच्या सोप्यात उजेड येतो तो छपरातल्या एका काचेच्या कौलातून आणि दारातून. सकाळी सातच्या सुमाराला कौलातला उजेड जात्यावर पडतो, पण फार मंद. लहान कॅमेऱ्याची लेन्स सगळ्यात रुंद बाजूला, म्हणजे झूम न करता, एफ ३.६. हा आकडा जितका लहान तितका लेन्समधून उजेड जास्त. आयएसओ, म्हणजे मिळालेला उजेड वाढवून दाखवायची मात्रा, त्याच्या शेवटच्या टोकाला, ३२०० वर नेला तेव्हा शटर, म्हणजे फोटो टिपायचा वेळ, मिळालं १/४० सेकंद. हात फिसकटला, आणि आज्जीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसून गेल्या. आयएसओ वाढवला की येणारा दाणेदारपणा घालवायला कॅमेरा आतल्या आत फोटो गुळगुळीत करतो, त्यात खरी कातडी पण जाते. रॉ फाइलची, म्हणजे कॅमेऱ्यानं हात न लावलेल्या कच्च्या फोटोची, सोय नव्हती, म्हणून नंतर दुरुस्तही करता येईना.

मिररलेसला त्याच्याबरोबर मिळणारी नेहमीची १८-४५ मिलिमीटरची किट लेन्स होती. इथं मला धक्का बसला. ती लेन्स रुंद बाजूला एफ ४.५, म्हणजे लहान कॅमेऱ्याच्या लेन्सपेक्षा अंधारी! बारापट मोठ्या सेन्सरचा फायदा ही लेन्स थोडा खाऊन टाकते. हिशेब केला तर निव्वळ फायदा साडेसातपट उरतो. तोही मोठाच आहे, आयएसओ ६४०० वरसुद्धा सुरकुत्या शाबूत राहिल्या. पण शटर १/५० च मिळालं. हात अजून पुसट.

लेन्समध्ये स्थिरीकरण आहे ना, असं कुणी विचारेल. आहे. पण ते आपला हात हलला तर सांभाळतं, आज्जीचा हात हलला तर त्याचा काही उपयोग नाही. हे मला हलशीला नीट समजलं. भूवराह नरसिंहाच्या देवळात मंडपाच्या खांबाला टेकून दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटो काढले. दगड हलत नाही. शटर १/८ वर गेलं तरी दोघांचे फोटो चांगले आले, छोट्या प्रिंटमध्ये कुठला कुणाचा ते पटकन ओळखता आलं नसतं. म्हणजे नुसता अंधार ही अडचण नव्हतीच. अंधारात हालचाल, ही अडचण होती.

मित्राकडं आणखी एक लेन्स होती, आरएफ २८ मिलिमीटर एफ २.८. जाड भाकरीसारखी चपटी, वजन १२० ग्रॅम. तिच्यात झूम नाही, स्थिरीकरण नाही आणि आर ५० च्या बॉडीतही नाही. ती लावली. एफ ४.५ वरून २.८ वर आलं की उजेड अडीचपट होतो. आयएसओ तोच ६४००, शटर १/१२५. पहिलाच फोटो मोठा करून बघितला आणि मी बराच वेळ बघतच राहिलो. खुंट्यावर आवळलेली चार बोटं. अंगठ्याच्या नखात अडकलेलं नाचण्याचं तांबूस पीठ. हिरव्या बांगड्या मनगटावरून उडालेल्या, त्यातली एक जरा पुसट. तेवढी पुसट मला हवीच होती, नाहीतर जातं थांबलंय असं वाटलं असतं.

आता आज्जी बुजण्याचं. माझा अंदाज साफ चुकला. मोठ्या कॅमेऱ्याकडं तिनं एकदा बघितलं, "केवढ्याला रे हे?" विचारलं आणि दळायला लागली. ती थांबली लहान कॅमेऱ्यापुढं! अंधारात फोकस करायला त्यातला नारिंगी दिवा थेट तिच्या डोळ्यावर पडला, वर टुक्‌ आवाज. "ते आधी बंद कर की, ओवी चुकते माझी." मोठ्यातही तसला दिवा असतो, पण मित्रानं तो आणि आवाज दोन्ही सेटिंगमधून बंद करून दिले होते. मग लहानातलेही बंद केले आणि तिची तक्रार संपली. पुढं इलेक्ट्रॉनिक शटर लावून बघितलं, खट्‌ आवाजसुद्धा नाही. एक मात्र ध्यानात ठेवावं लागतं. काही एलईडी बल्बांच्या उजेडात इलेक्ट्रॉनिक शटरनं फोटोवर आडवे पट्टे उमटतात, म्हणून बल्ब लागला की साधं शटर.

लहान कॅमेऱ्यावर अन्याय नको. वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक बघायला दोन्ही घेऊन गेलो होतो. रामदेव गल्लीत त्या रात्री पाय ठेवायला जागा नसते. मोठा कॅमेरा छातीशी धरून उभं राहावं लागलं, लहान मात्र हात उंच करून डोक्यावरून सहज चालवला. चित्ररथावर दिवे भरपूर, त्यामुळं फोटोही नीट आले. आणि त्याचं झूम! २५ ते ३०० मिलिमीटर, बारापट. हा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं. कणकुंबीच्या वाटेवर उंबरावर धनेश बसलेला दिसला. मिररलेसची किट लेन्स ७२ मिलिमीटरच्या तोडीपर्यंतच पोचते. ३०० एवढं जवळ दिसेल असं कापलं तर २४ मेगापिक्सेलमधले दीडसुद्धा उरत नाहीत. लहान कॅमेऱ्यानं त्या पक्ष्याची चोच स्पष्ट दाखवली. भर उन्हात हे छान चालतं, ढग आले की नाही, कारण त्या टोकाला लेन्स एफ ७ होते. ज्याला सहलीला, जत्रेला, पोरांच्या गॅदरिंगला दुरून फोटो हवेत आणि पुढं काही शिकायची हौस नाही, त्याला मी आजही लहान कॅमेऱ्याची वाट दाखवीन. मात्र जवळच्या फोटोंसाठी तो घेऊ नये. अलीकडच्या बऱ्याच मोबाईलचा मुख्य सेन्सर त्याच्यापेक्षा मोठा असतो.

मधली वाट पण तपासली. सोनीनं २०१२ मध्ये आरएक्स १०० काढला तेव्हापासून एक इंची सेन्सरचे खिशातले कॅमेरे मिळतात. नाव एक इंच, माप १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर. पहिल्याची लेन्स रुंद बाजूला एफ १.८ होती, म्हणजे सोप्यातल्या उजेडाला चांगलाच. पण नवी मॉडेलं माझ्या भिशीच्या बाहेर, आणि जुना वापरलेला घ्यायची छाती झाली नाही. अशा घडीच्या लेन्सची नळी आत-बाहेर करताना हवेबरोबर धूळ ओढते, आणि सेन्सरवर बसलेली धूळ घरी काढता येत नाही. जात्याजवळ पीठ उडतंच. मिररलेसमध्येही लेन्स बदलताना तीच भीती, म्हणून मी आता सोप्यात लेन्स बदलत नाही. घरातून निघतानाच २८ लावून निघतो.

खरेदीला बेळगावात बाजारात गेलो. दुकानदार दोन झूम लेन्सच्या जोडीवरच अडून बसला, "लांबचं पण होतंय की साहेब." मी ठाम राहिलो, कारण त्या दोन्ही अंधाऱ्या होत्या. बॉडी किट लेन्ससह घेतली आणि २८ दसऱ्यानंतरच्या पैशांवर ठेवली. तोवर मित्राची मागून आणायचो, त्यानं एकदाही नाही म्हटलं नाही. वजनाचं म्हणाल तर आर ५० बॅटरी-कार्डासह ३७५ ग्रॅम, २८ लावून पाचशेच्या आत. मावसभावाचा दीडशेसुद्धा नव्हता. शबनममध्ये मोठाही जातो, शर्टाच्या खिशात जात नाही.

जून लागला आणि खरी काळजी सुरू झाली. आमच्या त्या पट्ट्यात पाऊस धरला की कपाटातली चामड्याची चप्पलसुद्धा पांढरी पडते, मग लेन्सच्या काचेवर बुरशी यायला किती वेळ? कोळ्याच्या जाळ्यासारखी ती आतल्या काचेवर पसरते आणि काचेवरचा लेप खाते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणला, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या, आत लहानसा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहील असं बघतो. दाण्यांचा रंग बदलला की सुकवून परत घालायचे. आज्जीकडून आलं की कॅमेरा लगेच डब्यात टाकत नाही, आधी कोरड्या फडक्यानं पुसून पंख्याखाली अर्धा तास ठेवतो.

दिवाळीला तो फोटो १२ गुणिले ८ इंचात छापून आज्जीला नेला. तिनं चष्मा लावला, फोटो दाराच्या उजेडाला धरला. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो, ती खुंट्याकडं बघत होती.

"खुंट्याला चीर गेलीया की रे. मला दिसलीच न्हाई."

चीर खरंच होती, केसाएवढी, तर्जनीच्या खाली. परत आल्यावर बाभळीचा तुकडा मिळवला, आमच्याच शॉपमध्ये सुट्टीच्या दिवशी लेथवर नवा खुंटा कातला, तिच्या मुठीला बसेल असा. गेल्या रविवारी ठोकून दिला. दळायला बसली, दोन फेरे काढले आणि म्हणाली, जरा जाड झालाय. पुढच्या खेपेला दोन मिलिमीटर उतरवायचा आहे.