वकील लिंकनच्या मागावर: इलिनॉयमधला फेरफटका

लिंकन म्हटलं की वॉशिंग्टनमधला संगमरवरी पुतळा डोळ्यांपुढे येतो. मला मात्र तालुक्याच्या कोर्टात तारखा घेणारा लिंकन बघायचा होता. राष्ट्राध्यक्ष होण्याआधी जवळपास पाव शतक तो इलिनॉयमध्ये वकिली करत होता, आणि १८३४ ते १८४२ सलग चार वेळा आमदार होता.

शिकागोहून इलिनॉयची राजधानी स्प्रिंगफील्डला रेल्वेने साडेतीन तासांच्या आसपास लागतात. शहरातली ठिकाणं पायी होतात, पण पुढच्या गावांसाठी गाडी हवीच. लिंकनचं राहतं घर राष्ट्रीय उद्यान विभागाकडे आहे. तिकीट फुकट असलं तरी वेळ ठरवून दिलेली असते, म्हणून उन्हाळ्यात सकाळीच रांग गाठा. घर नीटनेटकं आहे, पण माझं मन तिथे फारसं रमलं नाही.

रमलं ते न्यू सेलममध्ये. स्प्रिंगफील्डपासून तीसेक किलोमीटरवर ओंडक्यांच्या घरांचं हे खेडं पुन्हा उभारलं आहे. इथेच तो दुकानात बसला, पोस्टमास्तर झाला, जमीन मोजत हिंडला. १८३२ साली निवडणूक हरला, दोन वर्षांनी जिंकला आणि उसन्या पुस्तकांवर कायदा शिकला. घरं नव्याने बांधलेली आहेत. मूळचं टिकलं आहे ते पिंपं बनवणाऱ्या कारागिराचं दुकान. दोन-तीन तास राखून ठेवा आणि जाड तळव्यांचे बूट घाला.

आमदारकी बघायची तर दक्षिणेला व्हँडेलियाला जा. इलिनॉयची राजधानी आधी तिथे होती. लिंकन आणि त्याचे आठ उंचेपुरे सहकारी, ‘लाँग नाइन’, यांनी जोर लावून ती स्प्रिंगफील्डला हलवली. व्हँडेलियाच्या लोकांनी बिचाऱ्यांनी राजधानी टिकावी म्हणून १८३६ साली नवी इमारत बांधली होती! ती पांढरी इमारत अजून दिमाखात उभी आहे. स्प्रिंगफील्डला आल्यावर १८४० साली कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) मोडण्यासाठी लिंकनने खिडकीतून उडी मारली. तेव्हा विधानसभा एका चर्चमध्ये भरत होती. कोरम आधीच पुरा झालेला असल्याने उडी वाया गेली. आपल्याकडच्या सभात्यागांपेक्षा हे जास्त कष्टाचं.

खरी मजा सर्किटची, म्हणजे फिरत्या कोर्टाची. आठव्या न्यायिक सर्किटमध्ये न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस वसंतात आणि शरदात गावोगाव फिरत. वकील घोड्यावर किंवा बग्गीतून मागोमाग येत, खाणावळीत एका खाटेवर दोघं-दोघं झोपत. कोर्ट भरलं की गावात जत्रेसारखी गर्दी. माउंट पुलास्की आणि मेटामोरा इथली कोर्टं मूळ जागीच आहेत. लिंकन नावाच्या गावातलं पोस्टव्हिल कोर्ट मात्र प्रतिकृती आहे. अस्सल इमारत हेन्री फोर्डने विकत घेऊन मिशिगनला नेली. ही ठिकाणं रोज उघडी नसतात, आधी फोन करा.

सगळेच खटले अभिमानाचे नाहीत. १८४७ साली मॅटसन नावाच्या गुलाममालकाचं वकीलपत्र त्याने घेतलं होतं. सुदैवाने लिंकन हरला आणि मॅटसनची गुलाम जेन ब्रायंट आणि तिची मुलं मुक्त झाली. इलिनॉय सेंट्रल रेल्वेसाठी खटला जिंकला, पण ५,००० डॉलर फी वसूल करायला त्याच रेल्वेवर दावा लावावा लागला.

शेवटी पश्चिमेला बियर्ड्‌सटाउनला जाच. १८५८ साली इथल्या कोर्टात डफ आर्मस्ट्राँगवर खुनाचा खटला चालला. साक्षीदार म्हणाला, लख्ख चांदण्यात पाहिलं. लिंकनने पंचांग काढून दाखवलं की त्या वेळी चंद्र मावळतीला टेकलेला होता. डफ सुटला. न्यू सेलममध्ये त्याच्या आईने लिंकनला जेवू घातलं होतं, त्यामुळे फीचा प्रश्नच आला नाही. ती खोली वरच्या मजल्यावर आहे, लाकडी जिना चढावा लागतो. गावात खाण्याची फार निवड नाही. स्प्रिंगफील्डलाच ‘हॉर्सशू’ हाणून निघा. पावाच्या तुकड्यांवर हॅम्बर्गरची टिक्की किंवा हॅम, त्यावर फ्रेंच फ्राइज आणि वरून चीजचा सॉस, म्हणजे एका ताटात दोघांचं भागतं. शाकाहारी लोकांनी मांसाऐवजी काय मिळतं ते आधी विचारून घ्यावं.