पाच मॅग्नेशियम, चार ऑक्सिजन

प्रयोगवहीत मी मॅग्नेशियम ऑक्साइडचं सूत्र लिहिलं होतं: पाच मॅग्नेशियमला चार ऑक्सिजन. खाली ठसठशीत दोन रेघाही ओढल्या होत्या. बाईंनी त्यावर काट मारली नाही. बाजूला फक्त लिहिलं, "आकडेमोड बरोबर. आता हे खरं असेल का ते सांग." मला राग आला. आकडेमोड बरोबर असेल तर गुण द्या ना, बाकीची चौकशी कशाला!

रसायनशास्त्र मला आवडायचं, पण रंग बदलणं, अवक्षेप खाली बसणं इथपर्यंतच. गणितं आली की हातपाय गळायचे. भागाकार-गुणाकार येत होते, पण कशाला कशाने भागायचं आणि का, हे डोक्यात शिरत नव्हतं. मग सूत्र आठवायचं, दिसतील ते आकडे त्यात कोंबायचे आणि उत्तर बरोबर आलं तर देवाची कृपा, असा कारभार चालायचा.

मोल शिकवताना डझनाचं उदाहरण देतात. डझनभर टाचण्या आणि डझनभर विटा, नग सारखे पण वजन वेगळं. मला ते लगेच पटलं आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. डझनात १२ नग, तसे एका मोलमध्ये किती कण, तो ॲव्होगॅड्रो अंकही पाठ होता, ६.०२२ गुणिले १० चा तेविसावा घात. तरी १० ग्रॅम नायट्रोजन आणि १० ग्रॅम हायड्रोजन यांच्यापासून जास्तीत जास्त किती अमोनिया मिळेल, या प्रश्नाला मी बिनदिक्कत २० ग्रॅम असं उत्तर दिलं. वस्तुमान अक्षय्य असतं, नाही का?

बाईंनी फळ्यावरच्या समीकरणाकडे बोट दाखवलं: N₂ + 3H₂ → 2NH₃. "नायट्रोजनचा १, हायड्रोजनचे ३. हे १ आणि ३ काय गं, ग्रॅम?"

"नाही. रेणू."

"मग तू ग्रॅम घेऊन तिथे कशाला गेलीस? आधी नग मोज."

मोजले. एका मोलचं वजन नायट्रोजनचं २८ ग्रॅम, हायड्रोजनचं २, अमोनियाचं १७. १० ग्रॅम नायट्रोजन भागिले २८, म्हणजे ०.३५७ मोल. १० ग्रॅम हायड्रोजन भागिले २, म्हणजे ५ मोल. तराजूवर दोघे सारखे, पण नगांत हायड्रोजन चौदापट! नायट्रोजनच्या तिप्पट, म्हणजे १.०७ मोल हायड्रोजन लागणार, बाकीचा नुसता बसून राहणार. अमोनिया नायट्रोजनच्या दुप्पट, ०.७१४ मोल, गुणिले १७, म्हणजे १२.१४ ग्रॅम. उरलेला हायड्रोजन ७.८६ ग्रॅम. दोन्हींची बेरीज केली तर बरोब्बर २०. वस्तुमान अक्षय्य होतंच, मी ते सगळं अमोनियाच्या खात्यावर मांडून मोकळी झाले होते. 'मर्यादित अभिक्रियाकारक', म्हणजे जो आधी संपतो आणि अभिक्रिया थांबवतो, या शब्दांची व्याख्या मला तोंडपाठ होती. ते काय असतं, हे त्या ७.८६ ने दाखवलं.

त्यानंतर एक रीत धरली: ग्रॅमचे मोल करायचे, समीकरणातलं गुणोत्तर फक्त मोलना लावायचं, मग परत ग्रॅमकडे यायचं. मधला टप्पा चुकवून आडवाटेने जायचं नाही. तरी चुका व्हायच्याच. २२.४ लिटर हा आकडा एकदा हाती लागल्यावर मी तो पाण्यालाही लावला. ० अंश सेल्सिअस आणि १ वातावरण दाब असताना एक मोल वायू तेवढी जागा व्यापतो. एक मोल द्रव पाणी १८ मिलिलिटरमध्ये मावतं. त्या दिवशी वर्ग बराच वेळ हसला.

सगळ्यांत जास्त छळलं ते अनुमापनाने, म्हणजे एका द्रावणाने दुसऱ्याचं प्रमाण शोधण्याने. शंकूपात्रात सोडियम हायड्रॉक्साइडचं, म्हणजे कॉस्टिक सोड्याचं, ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल) असं २५ मिलिलिटर द्रावण होतं. मी २५ ला ०.१ ने गुणलं आणि २.५ मोल लिहून पुढे सरकले. शेजारची मैत्रीण वहीत डोकावली. "अगं, २.५ मोल म्हणजे १०० ग्रॅम कॉस्टिक सोडा. एवढ्याशा पाण्यात?" मिलिलिटरला हजाराने भागायचं राहिलं होतं, खरं उत्तर ०.००२५ मोल, म्हणजे जेमतेम ०.१ ग्रॅम. तेव्हापासून प्रत्येक ओळीत एकक लिहायची सवय लावून घेतली. वेळ जातो, वही भरते, पण एककं एकमेकांना कापत जातात आणि शेवटी मोलऐवजी भलतंच काही उरलं तर चूक आपोआप दिसते. सूत्रं पाठ करण्यापेक्षा हे मला कितीतरी सोपं गेलं.

मग मी मॅग्नेशियमच्या पानाकडे परत वळले. फीत ०.२४ ग्रॅम, तापवल्यावर ०.३७ ग्रॅम, म्हणजे ऑक्सिजन ०.१३ ग्रॅम. अनुक्रमे २४ आणि १६ ने भागून मोल ०.०१०० आणि ०.००८१. गुणोत्तर साधारण पाचास चार, तेव्हा आकडेमोड खरंच बरोबर होती. पण आमचा तराजू ०.०१ ग्रॅमपर्यंतच दाखवायचा. ०.१३ ऐवजी ०.१४ आलं असतं, तर मी तितक्याच आत्मविश्वासाने आठास सात लिहिलं असतं! आणि मॅग्नेशियमचा अणू दोन इलेक्ट्रॉन देतो, ऑक्सिजनचा दोन घेतो, म्हणजे जोडी एकास एक, हे मीच मागच्या पाठात लिहिलं होतं.

वजन कमी का भरलं, हे बाईंनी मलाच शोधायला लावलं. फीत तापवायच्या मुशीचं झाकण मी सारखं उघडून बघत होते, त्यातून पांढरा धूर जायचा. तो धूर म्हणजेच ऑक्साइड. दुसरा चोर हवेतलाच. तापलेलं मॅग्नेशियम थोडा नायट्रोजनही धरतं, त्याचं नायट्राइड बनतं. ७२ ग्रॅम मॅग्नेशियमला ऑक्सिजन ४८ ग्रॅम जोडला जातो, नायट्रोजन फक्त २८ ग्रॅम. जितकं नायट्राइड, तितकं वजन कमी.

दुसऱ्या खेपेला झाकण अगदी किंचित, हवेपुरतंच उचललं. मूस गार झाल्यावर पाण्याचे चार थेंब टाकले. नायट्राइडचं हायड्रॉक्साइड होतं आणि अमोनिया सुटतो. अंदाजापुरता का होईना, पण तो नाकाला झोंबणारा वास आला. पुन्हा तापवून पाणी घालवलं, वजन केलं: ०.३९ ग्रॅम. ऑक्सिजन ०.००९४ मोल. या वेळी मी एकास एक लिहिलं, आणि ०.४० यायला हवं होतं तेही खाली लिहिलं.

"राहिलेला ०.०१ ग्रॅम कुठे गेला?" बाईंनी विचारलं.

"धुरात गेला असेल."

"किंवा तराजूच्या शेवटच्या आकड्यात," त्या म्हणाल्या आणि सही करून वही परत दिली.