शून्य शिल्लक असलेलं पत्र

शेजारीण उठून घरात गेली आणि एक कागद घेऊन आली. अंगणात आम्ही सातआठ जण जेवायला बसलो होतो. तिनं तो कागद बटाट्याच्या सॅलडशेजारी ठेवला. त्यावर शैक्षणिक कर्जाची शिल्लक लिहिली होती : शून्य डॉलर. समोरच्या घरातल्या निवृत्त गृहस्थांनी तो नीट वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे खरं नसणार. कोर्टानं ती कर्जमाफी रद्द केली आहे."

ती सरकारी शाळेत शिकवते. तिच्या मुलीला सायकल शिकवली ती याच गृहस्थांनी. आवाज कोणीच चढवला नाही. पण स्वतःच्या नावाचं पत्र समोर असताना ते खोटं ठरवलं गेलं, तेव्हा तिचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दोघंही खोटं बोलत नव्हते. ऑगस्ट 2022 मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडन यांनी जाहीर केलेली माफी (10 हजार डॉलरपर्यंत, गरीब घरांतल्या मुलांना मिळणारं पेल अनुदान ज्यांनी घेतलं त्यांना 20 हजारांपर्यंत) सर्वोच्च न्यायालयानं 30 जून 2023 रोजी सहा विरुद्ध तीन अशी रद्द केली. त्या योजनेतून कोणाचंही कर्ज माफ झालं नाही. शेजारणीचं कर्ज फिटलं ते वेगळ्याच कायद्यानं. शिक्षक, परिचारिका, अग्निशमन दलातली माणसं यांनी सार्वजनिक सेवेत राहून 120 हप्ते भरले, तर उरलेलं कर्ज सरकार सोडतं. हा कायदा 2007 चा, त्यावर सही जॉर्ज बुश यांची, म्हणजे त्या गृहस्थांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षांची. सुरुवातीला त्यातले जवळपास सगळे अर्ज फेटाळले जायचे. हप्ते "चुकीच्या योजनेत" भरले म्हणून तिचेही कित्येक हप्ते मोजले गेले नव्हते. 2021 च्या ऑक्टोबरात नियम काही काळ सैल झाले आणि ते हप्ते धरले गेले. तोवर तिनं इतकी वर्षं भरूनही मुद्दल कमी झालं नव्हतं, कारण पगाराच्या प्रमाणात ठरलेला हप्ता व्याजालाच पुरत नव्हता.

मग एवढी साधी गोष्ट एका टेबलावरच्या दोन शहाण्या माणसांना एकसारखी का माहीत नाही? माझं उत्तर स्पष्ट आहे. ती तशी माहीत असणं कोणत्याच पक्षाच्या सोयीचं नव्हतं.

बायडन यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या नॅन्सी पेलोसी यांनी 2021 मध्ये प्रतिनिधीगृहाच्या सभापती असताना सांगितलं होतं की अध्यक्ष हप्ते पुढे ढकलू शकतात, पण कर्ज माफ करण्याचा अधिकार त्यांना नाही, त्यासाठी काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, कायदा करायला हवा. वर्षभरानं घोषणा झाली तेव्हा त्यांनीच तिचं स्वागत केलं. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकालपत्रात त्यांचं जुनं वाक्य जसंच्या तसं घातलं. बायडन यांनी तर 2022 च्या ऑक्टोबरात एका मुलाखतीत सांगून टाकलं की हे आपण एकदोन मतांनी मंजूर करून घेतलं. मतदान कधी झालंच नव्हतं. पुढे 2024 मध्ये ते प्रचारात म्हणत राहिले की कोर्टानं अडवलं, पण मी थांबलो नाही. विरोधक म्हणत होते की हा माणूस कोर्टाचा आदेश झुगारून कर्जं माफ करतोय. नीट पाहिलं तर दोघं एकच सांगत होते. एकाला त्यात शौर्य दाखवायचं होतं, दुसऱ्याला गुन्हा. प्रत्यक्षात त्यांच्या कारकिर्दीत माफ झालेल्या 180 अब्जांहून जास्त डॉलरपैकी बहुतेक रक्कम आधीपासूनच कायद्यात असलेल्या वाटांनी गेली होती. एकट्या सार्वजनिक सेवेच्या वाटेनं दहा लाखांहून जास्त माणसं सुटली. त्यांतली एक माझ्या शेजारी राहते, आणि तिला दोन्ही बाजूंनी पुसून टाकलं.

"तुमच्या घामाच्या पैशातून डॉक्टर-वकिलांची कर्जं फेडली जाणार" ही घोषणाही मी इथे खूप ऐकली. 2022 च्या योजनेत एका माणसाला वर्षाला सव्वा लाख डॉलर उत्पन्नाची मर्यादा होती, हे त्या घोषणेत कधी आलं नाही.

मी सेंट लुईसजवळ राहते. तो खटला जिंकला गेला तो आमच्या मिसुरी राज्यामुळे. इथली मोहेला ही राज्यानं स्थापन केलेली संस्था विद्यार्थ्यांच्या कर्जांचे हिशेब सांभाळते. माफी झाली तर तिचं वर्षाला सुमारे 4.4 कोटी डॉलरचं शुल्क बुडेल, म्हणून राज्याचं नुकसान, म्हणून दावा दाखल करण्याचा हक्क, असं न्यायालयानं धरलं. मोहेला स्वतः कोर्टात गेलीच नव्हती. न्यायमूर्ती केगन यांनी आपल्या विरोधी मतात नेमकं यावरच बोट ठेवलं आहे आणि मला ते पटतं.

हे सगळं पाहताना तासगाव आठवत राहतं. 2017 ची कर्जमाफी आली तेव्हा याद्यांचं चावडीवाचन झालं. कोण थकबाकीदार, कोणाचं किती, सगळ्यांदेखत. काकांना त्याची लाज वाटली होती, पण यादीत नाव आहे की नाही यावर वाद राहिला नाही. हे आपल्याकडे होतं आणि या श्रीमंत देशात नाही, हे मी अभिमानानं सांगते. हो, 89 लाख शेतकरी आणि 34 हजार कोटी असे आकडे जाहीर झाले होते आणि लाभ मिळालेल्यांची संख्या बरीच कमी निघाली. आपले पुढारी खरं बोलतात असं माझं म्हणणं नाही. पण सोसायटीच्या सचिवाकडे जाऊन उतारा मागता येतो, आणि तो कोणत्या पक्षाचा आहे हे कोणी विचारत नाही.

वेळेवर भरणारे तेव्हाही चिडले होते. त्यांना 25 हजारांपर्यंत प्रोत्साहनपर रक्कम दिली, तरी "आम्ही भरलं हीच आमची चूक" हे वाक्य मी घरात ऐकलं आहे. ते माझ्याही मनात आहे. 2012 मध्ये मी वीस लाखांचं कर्ज काढून इथे आले, तारण आमचं राहतं घर, सहकर्जदार आण्णा. इथल्या सरकारी कर्जाला परदेशी विद्यार्थी पात्रच नसतो. सात वर्षं मी एकही हप्ता चुकवला नाही. डॉलरमध्ये पगार होता म्हणून ते जमलं, हे मला मान्य आहे. तरी शून्याचा आकडा पाहून आधी मनात कळ उठली, आनंद नंतर झाला. त्यात काही चुकलं असं मला वाटत नाही. कळ माझी, पत्र तिचं, आणि पत्र खरं आहे.

रविवारी आण्णांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, "अगं, पण त्या बाईला बेबाकी दाखला दिला का नाही?"

"तेच पत्र आण्णा. तोच दाखला."

"मग तिला म्हणावं, मूळ प्रत कुणाच्या हातात देऊ नको."

शेजारणीला मी हे सांगितलं. तिनं आधीच तीन प्रती काढून ठेवल्या आहेत, एक बहिणीच्या घरी. पुढचं सरकार हे झालंच नाही म्हणेल अशी भीती तिला खरोखर वाटते. आमचा 2019 चा दाखला तासगावला घराच्या कागदांबरोबर लोखंडी पेटीत आहे. दिवाळीला गेले की त्याचीही एक प्रत इकडे घेऊन येणार आहे.