खालची रेघ

गुरुवार, रात्र

भाच्याचा ईईजी, म्हणजे मेंदूच्या विजेचा आलेख, झाला एकदाचा. मिरवणुकीत लेझरच्या झगमगाटात पोरगं उभ्याउभ्या कोसळलं, हातपाय झटकले, तेव्हापासून वहिनीच्या तोंडी ‘फिट’ हा एकच शब्द. तालमीतल्या पोरांनी कांदा हुंगवला, तो वेगळाच.

रात्री जागवून, केस धुऊन, तेलाचं बोट न लावता त्याला शाहूपुरीत नेलं. डोकंभर वायरी चिकटवल्या, वर छातीवरही. तिथं कशाला? मी विचारलंच. मेंदूची वीज मायक्रोव्होल्टमध्ये मोजतात, हृदयाची मिलिव्होल्टमध्ये. हृदयाचा ठोका मेंदूच्या रेघांत घुसला तर फसगत होते, म्हणून त्याची वेगळी रेघ तळाशी काढतात.

मग डोळ्यांसमोर दिवा लखलखू लागला. सेकंदाला पंधरा-वीस लखलखाट सुरू झाले तेव्हा माझ्याच हाताला घाम. प्रकाशानं फिट येणाऱ्यांना हाच वेग बहुधा बाधतो. १९९७ साली जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला साधारण बारा वेळा चमकला, आणि सहाशेहून जास्त जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. बहुतेक लहान मुलं.

भाच्याच्या मेंदूला त्याचं काही नव्हतं. डोक्याच्या मागच्या बाजूच्या लाटा दिव्याच्या तालावर चालल्या होत्या, आणि ते नॉर्मलच म्हणे. तळाची रेघ मात्र दिवा सुरू झाला की दरवेळी सैल पडायची. एकदा दोन ठोक्यांत एवढी फट पडली, की टेक्निशियननं स्क्रीन सोडून पोराच्या तोंडाकडं बघितलं.

डॉक्टरांनी नीट समजावलं. अचानक काही चमकलं की लक्ष तिकडं जातं आणि ठोके क्षणभर मंदावतात. दचकलं तर उलट वाढतात. त्यात हा जोर-बैठका मारणारा गडी, नाडी मुळातच संथ. “पण ही फट जास्त आहे. हृदय थबकलं, मेंदूला रक्त कमी पडलं, तरी माणूस कोसळतो, हातपाय झटकतो. बघणाऱ्याला फिटच वाटते.” आता इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचा आणि दिवसभर होल्टर, म्हणजे ठोके नोंदवणारं छोटं यंत्र, अंगावर लावायचा.

वहिनी घरी येईस्तोवर खुशीत. फिट नाही म्हणजे काहीच नाही, असा तिचा हिशेब. मला तो पटत नाही. फिटेवर गोळ्या तरी असतात हे ठाऊक होतं. इथं काय निघेल कुणास ठाऊक.

“आत्या, ते यंत्र लावून लढत मारली तर चालतंय काय?” हा रिक्षात विचारत होता. रिपोर्ट येईस्तोवर आखाडा बंद, असं डॉक्टरांनी बजावलंय. वस्तादांना ते मीच सांगणार. हा सांगायचा नाही.