अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या डेलिकेट आर्च या दगडी कमानीपर्यंत पोचले एकदाची!

वुल्फ रँचच्या पार्किंगला पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. जाऊन-येऊन ३ मैल, म्हणजे ४.८ किलोमीटरच आहे म्हणून मी निवांत होते, ताईने मात्र दोघींच्या सॅकमध्ये पाणी ठासून भरलं होतं. आर्चेस नॅशनल पार्कच्या या ट्रेलवर पाणी नाही, सावली जवळजवळ नाहीच, त्यामुळे युटाच्या उन्हाळ्यात जाणार असाल तर पाण्यात कंजुषी अजिबात करू नका.

सुरुवातीला वुल्फ कुटुंबाचं जुनं लाकडी घर लागतं, पूल ओलांडला की इथल्या यूट या आदिवासी लोकांनी दगडावर कोरलेले घोडेस्वार, ते थांबून बघाच. मग थोड्या वेळाने पायवाट संपते आणि समोर नुसता उघडा चढता कातळ. इथे मला खरा दम लागला. एकूण चढ १४६ मीटरचाच, पण बराचसा याच पट्ट्यात, आणि वाट ओळखायची ती रचलेल्या दगडांच्या छोट्या ढिगांवरून, केर्न म्हणतात त्यांना. फोटोच्या नादात मी भलतीकडेच निघाले तर ताई ओरडली, "अगं थांब, आधी पुढचा केर्न शोध!" मग पुढचा दिसला की मगच निघायचं असं ठरवलं.

शेवटचे साधारण १८० मीटर कड्याच्या कडेने जायचं, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला खोल उतार. मला उंचीची भीती वाटते, पाय चक्क लटपटायला लागले. ताई म्हणाली, "खाली बघू नकोस, माझ्या बुटांकडे बघ," आणि मी भिंतीला हात लावत तिच्या मागे मागे गेले, किती वेळ गेला काही कळलं नाही.

आणि वळण संपलं तर समोर ती कमान! तोवर वाटेत कुठेच दिसली नव्हती. मधली पोकळीच १४ मीटर उंच, लालसर वालुकाश्म, आजूबाजूला काही नाही, एकटीच उभी. भेगांत पाणी मुरून, गोठून, दगड झिजत झिजत हा आकार झालाय आणि झीज अजून चालूच आहे, २००८ मध्ये याच पार्कातली वॉल आर्च नावाची दुसरी कमान कोसळली. हे आठवलं आणि मला तिथून उठवेना, तासभर नुसती बघत बसले.

उतरताना ऊन चांगलंच तापलं होतं. कातळाच्या चढावर एक जोडपं भेटलं, दोघांत मिळून एकच छोटी बाटली, तीही अर्धी. ताईने न बोलता आमची भरलेली बाटली त्यांच्या हातात दिली.