बँकॉक निवांत पाहायचं तर सकाळ नदीला द्या

बँकॉकचा बेत प्रेक्षणीय स्थळांच्या यादीवरून आखला की हमखास फसतो. इथे वेळापत्रक ठरवतं ते ऊन. अकरानंतर देवळांच्या आवारातली फरशी अनवाणी पायांना चटके देते, आणि मे ते ऑक्टोबर या पावसाळ्यात दुपार कलली की सर कोसळायची भीती असते. इथे राहायला आल्यापासून सुट्टीच्या दिवशी मी एकच क्रम पाळते: सकाळ नदीवर, दुपार सावलीत, संध्याकाळ याओवारात या चिनी वस्तीत.

बीटीएस या उंचावरून धावणाऱ्या रेल्वेने सफान ताक्सिन स्टेशन गाठा. जिना उतरला की समोरच साथोर्न हा बोटींचा धक्का. इथे पर्यटकांच्या निळ्या झेंड्याच्या बोटीचा दिवसाचा पास तुमच्या हातात ठेवायला विक्रेते तयारच असतात. दोन-तीन ठिकाणीच उतरायचं असेल तर तो घेऊ नका. नारिंगी झेंड्याची बोट मागा. कुठेही उतरा, सध्या सोळा बाट. सुटे जवळ ठेवा. मधल्या धक्क्यांवर चढलात तर तिकीट बोटीतच मिळतं. तिकीट देणारी बाई हातातला पत्र्याचा लांबट डबा खुळखुळवत येते. त्यातच नाणी आणि त्यातच तिकिटांची गुंडाळी. बोट धक्क्याला जेमतेम काही सेकंद टेकते. मागच्या टोकाला उभा असलेला माणूस शिट्टी फुंकून चालकाला अंतर सांगत असतो, त्यामुळे आपला धक्का यायच्या आधीच मागे जाऊन उभं राहायचं. मागची एक जागा भिक्खूंसाठी राखीव असते, ती मोकळी सोडा.

ता तियेनचा धक्का किंवा समोरच्या काठावरचा वाट अरुणचा (‘वाट’ म्हणजे देऊळ), बोट जिथे लागेल तिथे उतरा. दोन्ही काठांमध्ये पाच बाटांची नाव सतत ये-जा करते. मी आधी ता तियेनच्या काठावरचं वाट फो करते, कारण ते आठला उघडतं आणि पहिला तासभर तिथे खरी शांतता असते. परदेशी माणसाला तिकीट तीनशे बाट. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. राजवाड्याच्या परिसरात कुणी आपणहून येऊन ‘आज बंद आहे, दुसरीकडे नेतो’ म्हणालं तर थांबू नका. त्याची टुकटुक रिक्षा शेवटी खड्यांच्या दुकानात नेते. दार उघडं आहे का, ते दारावरच जाऊन बघा.

वाट फोमधला शयनमुद्रेतला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातलं महापरिनिर्वाण पाहिलेल्या माणसाला तीच मुद्रा इथे सोन्यात मढवलेली दिसते. त्याच्या तळव्यांवर शिंपल्यांच्या जडावात १०८ शुभचिन्हं आहेत, ती पाहायला पायांकडच्या बाजूला थोडं जास्त थांबा. बहुतेक लोक इथूनच परत फिरतात, आणि मला त्याची फार हळहळ वाटते. उपोसथगृहाच्या, म्हणजे भिक्खूंच्या मुख्य प्रार्थनागृहाच्या चौथऱ्याला संगमरवरात कोरलेली रामकथेची १५२ शिल्पं आहेत. थायलंडचं रामायण, रामकियेन, आपल्याहून बरंच वेगळं. त्यातला हनुमान ब्रह्मचारी नाही. सेतूचे दगड पळवणारी मत्स्यकन्या ही रावणाची मुलगी, आणि तिच्याशी त्याचं प्रेम जमतं. मारुतीच्या देवळात वाढलेल्या आपल्या माणसाने ही शिल्पं पाहायलाच हवीत.

वाट अरुणचं तिकीट दोनशे बाट. चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांनी मढवलेलं शिखर जवळून फारच सुंदर दिसतं. पायऱ्या उभ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर नदीतूनच बघा, ते दर्शनही पुरेसं आहे.

परत ता तियेनच्या काठाला येऊन दक्षिणेला दहा-पंधरा मिनिटं चाललं की पाक ख्लोंग तलात, म्हणजे फुलबाजार. हार ओवणाऱ्या बायकांजवळ जरा रेंगाळा. सुई वीतभराहून लांब. तिच्यावर मोगऱ्याच्या कळ्या चक्राकार, एकावर एक खोचत जातात. सुईला थोडं व्हॅसलीन लावलेलं असतं, म्हणून भरलेली रांग न फाटता दोऱ्यावर सरकते. हारात पांढरी, मेणासारखी फुलं दिसतील ती रुईची. आपण मारुतीला वाहतो तीच रुई, पण इथे अख्खं फूल न ओवता मधला मुकुट तेवढा काढून घेतात.

तिथून फाहुरात, म्हणजे इथली भारतीय वस्ती, चालत गाठता येतं. कापडबाजार, सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा आणि किराण्याच्या दुकानांत मसाले, डाळी, पापड. दुपारचं जेवण इथल्या भारतीय खाणावळीत उरका आणि ऊन उतरेपर्यंत बाजाराच्या छपराखाली राहा.

संध्याकाळी साम योत स्टेशनवरून एमआरटी या भुयारी रेल्वेने एकच स्टेशन, वाट मंगकॉन, की याओवारात आलं. बीटीएसचं रॅबिट कार्ड एमआरटीच्या दारावर चालत नाही. तिथे स्पर्शाने चालणारं बँकेचं कार्ड लावा किंवा टोकन घ्या. सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी रस्त्यावरच्या खाण्याच्या बऱ्याच गाड्या नसतात.

शाकाहारी माणसाची खरी परीक्षा याओवारातमध्येच. ‘नाम प्ला नको’ म्हणजे मासळीचा रस नको, एवढं सांगून भागत नाही. फाद थायचा, म्हणजे परतलेल्या नूडल्सचा, चिंचेचा रस बऱ्याच गाड्यांवर आधीच कालवून ठेवलेला असतो आणि मासळी त्यातच असते. विक्रेता हो म्हणतो, वरून फक्त आणखी घालत नाही. पिवळ्या पाटीवर इंग्रजी सतरा आकड्यासारखं दिसणारं लाल अक्षर शोधा. ते ‘जे’ जेवण: मांस-मासळी नाही, अंडं नाही, दूधही नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. चातुर्मास पाळणाऱ्यांनी इथे पोटभर जेवावं. गोड म्हणून बुआ लोय मागा, आल्याच्या कढत पाकात काळ्या तिळाचं सारण भरलेले गोळे. पहिला घास फुंकून घ्या, आतलं सारण बाहेरच्या पाकापेक्षा जास्त भाजतं. रात्री परतताना नारिंगी बोट मिळत नाही, पण एमआरटी मध्यरात्रीच्या सुमारापर्यंत चालते.