पहाटे चारचा गजर का फसतो

दहावी-बारावीचं वर्ष लागलं की मुंबईतल्या घराघरांत पहाटे चारचा गजर सुरू होतो. पहाटे केलेलं पाठांतर पक्कं बसतं, असं आजीपासून क्लासच्या सरांपर्यंत सगळे सांगतात. रात्री नऊला निजानीज होणाऱ्या घरात ते जमूनही जायचं. वन रूम किचनमध्ये टीव्ही साडेअकराला बंद होतो, भांडी आवरेपर्यंत बारा वाजतात आणि मुलगा झोपतो एकला. सुट्टीत हाच मुलगा आठला उठतो, म्हणजे त्याच्या शरीराची सकाळ आठची. गजर चारला लावला म्हणून ती सरकत नाही.

शरीराचं मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये असतं. साधारण वीस हजार पेशींचा एक पुंजका. त्याचा फेरा माणसात सरासरी २४ तासांपेक्षा दहा-बारा मिनिटांनी मोठा असतो, त्यामुळे त्याला रोज उजेडाने जुळवून घ्यावं लागतं. मेख आहे ती उजेड कधी पडतो यात. नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी साधारण दोन तास शरीराचं तापमान सर्वांत खाली गेलेलं असतं. त्यानंतर डोळ्यांवर उजेड पडला की पुढच्या रात्री झोप लवकर येऊ लागते, त्याच्या आधी पडला की आणखी उशिरा. आठला उठणाऱ्याचा हा तळ सहाच्या सुमाराला येतो. चारला उठवून त्याला ट्यूबलाइटखाली बसवलं, तर घड्याळ त्या उजेडाला रात्रीचाच उजेड समजतं आणि उलट्या दिशेला जातं.

मग घरचे म्हणतात, आज नऊला झोप. तेही होत नाही. नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास हे घड्याळ माणसाला सर्वांत जास्त जागं ठेवतं. पोरगं कूस बदलत पडून राहतं आणि वर बोलणी खातं.

त्यातून वयात येताना हे घड्याळ आपणहून एक-दोन तास उशिराकडे झुकतं. राज्य सरकारने २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, ते चांगलंच झालं. पण खरी गरज ज्यांना आहे ती अकरावी-बारावीची मुलं अजूनही सातच्या लेक्चरसाठी सव्वासहाची लोकल पकडतात. जानेवारीत मुंबईत सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमाराला.

घड्याळ अलीकडे आणायचंच असेल तर सुरुवात उठण्यापासून करा, झोपण्यापासून नाही. दर दोन दिवसांनी गजर २० मिनिटं अलीकडे घ्या. आठचे सहा व्हायला बारा दिवस लागतात. उठल्यावर, उजाडलेलं असेल तर लगेच आणि नसेल तर उजाडल्याबरोबर, अर्धा तास उघड्यावर काढा. गच्ची, गॅलरी, स्टेशनपर्यंतची चाल, काहीही चालेल. घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड दोन-तीनशे लक्स (उजेडाचं माप) भरतो, पावसाळी ढगांखालीसुद्धा बाहेर काही हजार असतो. रात्री मात्र उलट करायचं: झोपायच्या दोन तास आधी वरची ट्यूब बंद, पुस्तकापुरता पिवळा टेबललॅम्प. एकाच खोलीत चौघं राहतात तिथे टीव्हीकडे पाठ करून बसणं एवढंच हातात असतं, तेही करावं. आणि रविवारी फार तर एक तास जास्त झोपा. अकरापर्यंत लोळलात तर बारा दिवसांची मेहनत पुसली जाऊ लागते.

आता पाठांतर. १९२४ साली जेन्किन्स आणि डॅलनबाख या मानसशास्त्रज्ञांनी कॉर्नेल विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरगटांच्या याद्या पाठ करायला लावल्या. पाठ करून झोपल्यावर विसरणं जागेपणापेक्षा बरंच कमी झालं. दिवसभरात हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणी टिपणाऱ्या भागात, टिपलेलं गाढ झोपेत पुन्हा उजळलं जातं, आणि ही गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या भागात असते. स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते. एकला झोपून चारला उठणारा तीच कापतो. दोनपर्यंत जागून सहाला उठणाऱ्याचंही चुकतंच, एकूण झोप जेमतेम चार तास.

म्हणून सनावळ्या, व्याख्या, रासायनिक समीकरणं रात्री साडेआठ ते दहा, मग सरळ झोप. सकाळी तेच पुस्तक न उघडता कागदावर लिहून काढायचं आणि अडलं तेवढंच पाहायचं. नुसतं पुन्हा वाचून काढलं की सगळं येतंय असं वाटतं, हा मोठा धोका. नवीन गणितं पूर्ण जागं असताना, सकाळी उशिरा किंवा संध्याकाळी.

दुपारी एक ते तीन डोळे जड होतात. भाताला दोष देतात, पण घड्याळाची उतरण न जेवताही येते. २० मिनिटांची डुलकी पुरे. पाऊण तास झाला तर गाढ झोपेतून उठून अर्धा तास डोकं बधिर राहतं, आणि चारनंतर डुलकी घेतली तर रात्रीच्या झोपेतून वजा होते. चहातलं कॅफिन निम्मं व्हायला पाच-एक तास लागतात, तेव्हा शेवटचं कटिंग चारच्या आत.

बोर्डाचा सकाळचा पेपर अकराला असतो. त्यासाठी साडेसहाला उठलेलं पुरतं. पेपर दुपारी तीनचा असेल तर एकच्या आत हलकं जेवण, मग तीच २० मिनिटं, आणि केंद्रापर्यंत शक्य तेवढं उन्हातून चालत.